दोन तास, दहा सेकंद

माझ्या धंद्याचं नाव सांगितलं की लोक आधी हसतात. जुन्या संगणकांवरचं संगीत मी आजच्या यंत्रांवर वाजेल असं करून देतो. मिरजेत तंतुवाद्यं करणारे पुष्कळ, त्यांच्या दुकानांच्या ओळीच्या टोकाला माझी खोली. पाटीवर ‘रेवण तोडकर, ध्वनिरूपांतर’ असं लिहिलंय. ती वाचून निम्मे लोक कानाचा डॉक्टर समजून आत येतात आणि माझा अवतार बघून बाहेर जातात.

हसणाऱ्यांना वाटतं, यात काय एवढं, एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ओतायचं. तसं नसतं. १९९७ च्या सुमाराला आम्ही पोरं ज्या फाइली बनवायचो त्यांत गाणं भरलेलं नसायचंच मुळी. जेमतेम सेकंदभराचे आठ-दहा आवाजांचे तुकडे असायचे, आणि त्यांच्या जोडीला एक लांबलचक तक्ता: कुठला तुकडा कधी, कुठल्या पट्टीत, किती जोरात वाजवायचा. म्हणजे ताटात वाढलेली आमटी नव्हे. आमटीची कृती आणि सोबत मसाल्याच्या पुड्या. संगणक ती कृती वाचत वाचत तिथल्या तिथं आमटी करायचा. त्यामुळं अख्खं गाणं फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात मावायचं. आता ती कृती वाचणारी यंत्रं भंगारात गेली. मी त्या जुन्या यंत्राची नक्कल माझ्या संगणकात चालवतो, तिच्याकडून गाणं वाजवून घेतो आणि ते साध्या, कुठंही वाजणाऱ्या फाइलीत पकडतो.

यात एकच पंचाईत असते. आमच्या गाण्यांना शेवट नसायचा. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत ‘पुन्हा पहिल्या ओळीवर जा’ एवढीच सूचना. जोड कुठं आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये यातच आमची मर्दुमकी. साध्या फाइलीला मात्र कुठंतरी संपावं लागतं. म्हणून या धंद्यात एक रीत पडलीय. गाणं हवं तितके फेरे फिरवायचं आणि अखेरच्या दहा सेकंदांत आवाज हळूहळू उतरवत शून्यावर आणायचा. याला फेड म्हणतात. गाणं दाणकन तोडणाऱ्याला आमच्यात अडाणी समजतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये फेडची खूण वीस वर्षं केलेलीच आहे. ती काढताही येते हे मी विसरूनच गेलो होतो.

त्या विसरण्यानं माझ्या मित्राचे पाय गेले. आणखीही काही गेलं, ते सांगतो.

जिनदत्त मगदूम, आमचा जिन्या, आणि मी शाळेत एका बाकावरचे. पुढं तो गणिताचा मास्तर झाला, मी हे असलं काहीतरी झालो. एकसष्टीला दोघांनी एकमेकांना टोप्या दिल्या. त्याच वर्षी त्याचा कंपवात बळावला. हात थरथरायचे त्याचं त्याला फारसं काही वाटायचं नाही. पण चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटायचे. काठी टेकत, घसटत, अर्ध्या तासात अंगणापर्यंत. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरातरा चालत शिकवणारा माणूस तो. मला बघवायचं नाही, म्हणून मी जाणं कमी केलं. हेही सांगून टाकतो.

एक दिवस त्याची बायको, त्रिशलावहिनी, खोलीत आल्या. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

“भाऊजी, ह्यात ह्यांच्या फ्लॉप्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ घालवू नका. तुम्ही एकदा येऊन त्यांच्याशी बोला.”

डॉक्टर नाझनीन बारगीर म्हणजे आमच्याच गल्लीतली पोर. तिनं मला समोर बसवून समजावलं. “चालणं हा ठेका आहे, काका. मेंदूच्या आत खोलवर एक घड्याळ असतं, ते पायांना ‘आता, आता’ म्हणत राहतं. कंपवातात ते घड्याळ बंद पडत जातं. पाय चांगले, स्नायू चांगले, पण ‘आता’ म्हणणारं कुणी नाही. बाहेरून ठेका ऐकवला तर मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय हलवतो. हे जुनंच ज्ञान आहे. नवीन आहे ते हे यंत्र.”

यंत्राला ते लोक पदताल म्हणत. कानामागं कातडीखाली शेंगदाण्याएवढा दाणा आणि खिशात काडेपेटीएवढी डबी. डबीत गाणं. गाणं कानाला ऐकू येतंच, शिवाय त्यातला ठेका ओळखून दाणा त्या दुसऱ्या वाटेला विजेचे बारीक टोले देतो. गाणं मात्र वाटेल ते चालत नाही. पंधरा ते वीस या वयात मेंदूत मुरलेलं असेल तरच पाय ऐकतात. जिन्याला त्या काळची सिनेमाची गाणी लावून पाहिली होती. पण माणसं वाजवतात तेव्हा लय जराशी पुढंमागं होते, आणि तेवढ्यानं तो अडखळायचा. त्याला यंत्राच्या काटेकोर लयीचं गाणं हवं होतं, आणि तेही त्या वयातलं. असं गाणं जगात फक्त त्या डब्यात होतं.

“एक सांगून ठेवते,” नाझनीन म्हणाली. “चार-सहा महिन्यांत मेंदू चालण्याचं सगळं काम या नव्या वाटेवर सोपवून मोकळा होतो. आज जी घसटत का होईना चाल उरलीय, ती जाते. मग गाणं नाही तर पाऊल नाही.”

त्रिशलावहिनींनी विचारलं, “पण गाणं असेल तर?”

“तर चालतील.”

“मग बास की,” वहिनी म्हणाल्या.

अकरा फ्लॉप्यांपैकी दहांना बुरशी. अकरावी वाचली गेली. तिच्यात ‘गुऱ्हाळ’ निघालं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं, मिनिटाला एकशेचार ठोके. ढोल म्हणून मी त्याच्या आईच्या लाकडी कपाटावर मारलेली बुक्की होती. रसवंतीच्या चाकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज त्यानं भाड्याच्या टेपवर पकडून आणला होता. चव्वेचाळीस वर्षांनी ती घुंगरं माझ्या खोलीत वाजली आणि मी एकटाच मूर्खासारखा हसत बसलो.

नाझनीनच्या चिठ्ठीवर ‘किमान दोन तास’ असं होतं. मी सव्वातीन मिनिटांचं गाणं दोन तास भरतील इतके फेरे फिरवलं, फाइल केली आणि दिली. शेवटाचा विचार मनाला शिवलाही नाही. फाइल संपली की डबी ती पुन्हा पहिल्यापासून लावते, मग बिघडलं कुठं?

दवाखान्याच्या लांब ओसरीत जिन्या पहिल्यांदा चालला तेव्हा मी तिथं होतो. डबी सुरू झाली. तो दोन क्षण नुसता उभा. मग डावा पाय उचलला, उजवा उचलला, आणि निघालाच. काठी वहिनींच्या हातात राहिली. टोकाला जाऊन तो वळला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला म्हणाला, “रेवण्या, तुझा तो ढोल अजून बेसूरच हाय बघ लेका!”

मी इतका खूश आयुष्यात क्वचितच झालो असेन.

मग नाझनीननं तिचे आणखी पेशंट माझ्याकडं धाडले. जुने खेळ, जुन्या धून, कुणाच्या काय फाइली. एकूण चौदा माणसं माझ्या फाइलींवर चालायला लागली. पेपरात माझा फोटो आला. पाटीखाली मी ‘पदतालासाठी खास’ अशी ओळ रंगवून घेतली.

जिन्याला चालण्याची हाव सुटली. आधी अर्धा तास, मग तास. सात महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्यानं जाहीर केलं, “विश्रामबागेत बहिणीकडं चालत जाणार. सांगली-मिरज रस्ता सरळ हाय, मला काय धाड भरलीय?” वहिनींनी मागून रिक्षानं यायचं असं ठरलं.

विश्रामबागेच्या चौकात बिनचालकाच्या माल-टेम्पोनं त्याला उडवलं.

जीव वाचला. कमरेचं हाड आणि उजवी मांडी मोडली. डबी चाकाखाली चुरा झाली. दुसऱ्या दिवशी वहिनींसोबत मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या फौजदारानं टेम्पोच्या संगणकातली नोंद पडद्यावर दाखवली. हे टेम्पो रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या पावलांवरून तो पुढं कुठं असेल याचा हिशेब मांडतात आणि त्याप्रमाणं वेग ठेवतात. दारुडा किंवा पोर असलं की हिशेब लागत नाही, मग टेम्पो आपला थांबून राहतो. जिन्याची पावलं मात्र घड्याळासारखी. टेम्पोनं इतका नीट चालणारा माणूस पाहिलाच नसेल. त्यानं डोळे मिटून विश्वास ठेवला आणि जिन्याच्या पाठीमागून निघून जायला वेग घेतला.

“आणि इथं बघा,” फौजदार म्हणाला, “पाऊल लहान व्हायला लागलं. पंचावन्न सेंटिमीटर. पन्नास. अडतीस. वीस. आणि शून्य. सगळं मिळून दहा सेकंद. ठेका तोच राहिला म्हणून टेम्पो फसला. ब्रेक मारलाय, पण उशिरा.”

दहा सेकंद. जिन्या किती वाजता निघाला होता ते मी वहिनींना विचारलं. सहाला पाच कमी, त्या म्हणाल्या. धडक सात पंचावन्नची.

“बॅटरी उतरत गेली असणार,” वहिनी पुटपुटल्या. “भाऊजी, डबी मी रोज चार्जिंगला लावते. शनिवारी लावली होती का नव्हती, कितीदा आठवलं, आठवंना झालंय मला. पाहुणे होते, गडबड होती. मीच विसरले.”

बॅटरी संपली की आवाज एकदम बंद होतो, हळूहळू उतरत नाही. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, “वहिनी, घरी चला.”

घरी जाऊन मी फाइल उघडली. दोन तास, दहा सेकंद. शेवटाला आवाजाची रेघ उतरत उतरत बारीक होऊन संपलेली, अगदी सुबक. मग मी पहिलं काम काय केलं? बाकीच्या तेरा जणांना फोन केले, फाइलीची सुधारित आवृत्ती आलीय म्हणून सांगितलं आणि सगळ्यांना बिनशेवटाच्या फाइली पोचवल्या. दोघांनी आभार मानून पेढे पाठवले. ते मी खाल्ले.

तीन महिन्यांनी जिन्याची हाडं सांधली. नवी डबी आली, मी नवी फाइल दिली. गाणं सुरू झालं, त्यानं तीन पावलं टाकली आणि थांबला. पुन्हा लावलं, पुन्हा तीन. नाझनीननं पंधरा दिवस सगळे उपाय केले. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “दुधानं तोंड भाजलंय, काका. या गाण्यानं भर रस्त्यात आपल्याला सोडलं, हे मेंदूनं टिपून ठेवलंय. आता तो त्याच्यावर भार टाकायला तयार नाही. आणि जुनी चाल केव्हाच गेली.”

“दुसरं गाणं?”

“त्यांच्या त्या वयातलं, या लयीचं, आणखी आहे का तुमच्याकडं?”

दहा बुरसटलेल्या फ्लॉप्या होत्या. मी त्यांच्यावर महिनाभर डोकं फोडलं. एक अक्षर निघालं नाही.

मग एका संध्याकाळी, काही सुचेना म्हणून, मी त्याच्या पलंगाशेजारच्या मेजावर हातानं गुऱ्हाळचा ढोल धरला. जिन्यानं मान वर केली. “धर, धर,” म्हणाला. मी त्याला उठवून उभा केला आणि मेज बडवत राहिलो. यंत्राचा काटेकोरपणा माझ्या हातात कुठला! पण डबीवरचा उडालेला विश्वास त्याच्या मेंदूनं माझ्या हातावर ठेवला असावा. तो आठ पावलं चालला. दुसऱ्या दिवशी नऊ. त्यापुढं मात्र आकडा सरकला नाही. तेव्हापासून रोज पाचला मी त्याच्याकडं जायला लागलो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो.

वहिनींनी मीठ सोडलं होतं. त्यांच्या जैन धर्मात असा त्याग करतात, कुणी तूप सोडतं, कुणी गोड. यांनी दवाखान्यातच नियम घेतला होता, हे पुन्हा आपल्या पायांनी चालेपर्यंत मीठ खाणार नाही म्हणून. ह्या चुकीचं तेवढं तरी प्रायश्चित्त, असं त्या मला म्हणाल्या होत्या. सूर्यास्ताआधी त्या एकट्या स्वयंपाकघरात बिनमिठाची आमटी-भाकरी खायच्या. जिन्या पलंगावरून ते बघायचा, मी मेजाजवळून बघायचो. त्या वाळत चालल्या. बोलता बोलता मध्येच शब्द विसरायच्या. वैशाखाच्या उन्हाळ्यात एक दिवस चुलीपुढंच कोसळल्या. रक्तातलं मीठ इतकं उतरलं होतं की आणखी एक दिवस गेला असता तर झटके येऊन संपल्या असत्या, असं नाझनीन म्हणाली. चार दिवस सलाइन लावून त्यांना घरी सोडलं. घरी आल्या आणि पुन्हा बिनमिठाचंच ताट वाढून घेतलं.

त्या दिवशी पाचला मी गेलो तो मेजाकडं गेलोच नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

“वहिनी, डबी चार्ज होती.”

त्यांनी घास खाली ठेवला.

“चूक माझी आहे. मी फाइलीला शेवट ठेवला होता. दोन तास झाले आणि गाणं उतरत गेलं. आमच्यात तशी पद्धत आहे. मला पोलीस ठाण्यातच कळलं होतं.”

“म्हणजे मी विसरले नव्हते?”

“नव्हतात.”

“नक्की?”

“नक्की, वहिनी.”

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “आठ महिने झाले, भाऊजी.” त्या उठल्या, हात धुतले. “चला. ह्यांना तुमच्या तोंडानं सांगा.”

आतल्या खोलीत जिन्या उशीला टेकून बसला होता. मी सगळं पुन्हा सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. आजारानं त्याचा आवाज अगदी बारीक झालाय. वाकून ऐकावं लागतं.

“मला ठाऊक हाय रं,” तो म्हणाला. “गाणं माझ्याच कानात वाजत होतं की. फेड मला कळायचा नाही व्हय? चौकाच्या मध्यावर होतो. म्हटलं, रेवण्यानं घातलाच शेवट.”

खरं सांगतो, एक क्षण मला हलकं वाटलं. त्याला माहीत होतं, तरी त्यानं मला दूर केलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. “मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू तोंड लपवून बसला असतास. आधी नव्हतास का बसला, मी घसटत होतो तेव्हा? मग रोज पाचला आलं कोण असतं? मला चालवलं कुणी असतं?”

मग आम्हा दोघांनाही एकदमच आठवण झाली की खोलीत तिसरं माणूस आहे.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

“तुम्हाला माहीत होतं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मी रोज तुमच्या डोळ्यांदेखत तसं जेवत होते. परवा सलाइन लावून पडले होते. तरी तुम्हाला माहीत होतं.”

“त्रिशला, अगं मी...”

“गाणं तुम्हा दोघांचं. चूक तुम्हा दोघांची. आणि मीठ मी सोडलं.”

त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा, पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. फोनवर त्या कुणाला तरी सांगत होत्या, कुरुंदवाडला भावाकडं येतेय, हो, राहायला. मग चपला घालताना दिसल्या. आमच्याकडं न बघता त्या पडवीत गेल्या.

जिन्यानं दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली आणि स्वतःला उभं केलं. पाय जागचे हलेनात. त्यानं माझ्याकडं पाहिलं. तसं कुणी माझ्याकडं कधी पाहू नये.

“रेवण्या, ठेका धर.”

मी मेजावर हात मारायला लागलो. एक पाऊल. दुसरं. जोरात मारत होतो, बोटांची सालं निघाली. चार, पाच, सहा. तो दारात पोचला, पडवीत उतरला. दहा, अकरा. इतका तो त्या सगळ्या महिन्यांत कधी चालला नव्हता. बाहेर रिक्षा सुरू झाली आणि तिचा आवाज रस्त्याच्या टोकाकडं गेला.

मी मेज बडवतच होतो. पण जिन्या थांबला होता.